कुंकवाची बाजू, काजळाची बाजू

अंड्याला पुरेशी ऊब मिळते आहे की नाही, हे ठरवण्याच्या दोन पद्धती मला ठाऊक आहेत. पहिली म्हणजे तापमापक वाचणे. दुसरी म्हणजे अंडे मिटलेल्या डाव्या पापणीवर टेकवून क्षणभर श्वास रोखणे. पहिली पद्धत मी पुण्यातल्या एका शाळेत अकरा वर्षे शास्त्र शिकवताना मुलांच्या अंगवळणी पाडली. दुसरी आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींची होती. आता मी या दोन पद्धतींची निःपक्षपाती तुलना करणार, असे कुणाला वाटत असेल, तर तसे नाही. मला त्या बाईंचा हेवा वाटत असे. अजूनही वाटतो. हेवा करणाऱ्याने निरीक्षण नोंदवावे, निष्कर्ष काढू नये, एवढी शिस्त मात्र मी पाळणार आहे.

दोन हजार तीन सालची गोष्ट. माझ्या यजमानांना अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली आणि आम्ही तिघे तिथल्या एका दुमजली अपार्टमेंटमध्ये राहू लागलो. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. घंटेच्या तालावर अकरा वर्षे चाललेला माझा दिवस एकाएकी मोकळा झाला. तो भरून काढण्यासाठी मी अपार्टमेंटच्या सार्वजनिक खोलीत दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग सुरू केला. सहा मुले येत. त्यांत माझी सात वर्षांची मुलगी होती.

खरे सांगायचे तर तो वर्ग तिच्याचसाठी होता. अमेरिकेत आल्यावर चार महिन्यांत तिने मराठी बोलणे बंद केले. तिला समजत सगळे होते. मी विचारी, "दूध घेतलंस का?" ती म्हणे, "आय डिड." रविवारी फोन कार्डावरून पुण्याला माझ्या आईशी बोलणे होई. मुलीच्या हाती फोन दिला की ती "हाय" म्हणून तो मला परत करी. एकदा आई म्हणाली, "इतकी वर्षं लोकांची मुलं शिकवलीस ना गं तू?" कार्डावरची मिनिटे शिल्लक होती, तरी मी फोन ठेवला.

आजी माझ्या वर्गात येऊ लागल्या त्या शिकण्यासाठी नव्हे. त्या खोलीला मोठी दक्षिणेकडची खिडकी होती आणि तिथे ऊन येई. आजी वऱ्हाडातल्या. मुलगा अविवाहित, संगणकाच्या कामाने आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या शहरांत. नेसण कासोट्याचे लुगडे, त्यावर मुलाचा जुना काळा ओव्हरकोट, पायांत पुरुषी बर्फाचे बूट. मागच्या खुर्चीवर बसून त्या मटार सोलत आणि मी शिकवत असताना मोठ्याने शेरे मारत. मी फळ्यावर 'कोंबडी' लिहून खाली चित्र काढले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, हे बदक होये." मुले हसली. माझी मुलगीही हसली. माझ्या वर्गात ती पहिल्यांदाच हसली होती, हे मी तेव्हाच नोंदवले.

कोंबडीचा विषय मी मुद्दामच घेतला होता. एका घरासमोरच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मला अंडी उबवण्याचे घरगुती यंत्र मिळाले होते. थर्मोकोलची चौकोनी पेटी, झाकणाला काचेची छोटी खिडकी, आत तापणारी तार, हवा फिरवणारा पंखा, तळाला पाण्याच्या पन्हळी. कल्पना अशी की मुलांनी एकवीस दिवस निरीक्षण करावे आणि मराठीत नोंदी ठेवाव्यात. तक्ता मी स्वतः केला होता. कवच, बलक, हवेची पोकळी, भ्रूण. फलित अंडी बाजारातल्या एका शेतकरी बाईकडून आणली. ठरावीक वेळी फिरवली. वहीत दिवसातून चार वेळा तापमान लिहिले. साडेनव्व्याण्णव अंश फॅरनहाइट. एकही नोंद अर्ध्या अंशाने ढळली नाही.

पाचव्या दिवशी आजींनी न विचारता झाकण उघडले, एक अंडे उचलले आणि पापणीला लावले.

"मास्तरीण, तुही खुडूक थंडी आहे."

खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी. यंत्राला त्या कायम खुडूकच म्हणत.

"थंड नाही आजी. हा पारा बघा. साडेनव्व्याण्णव."

"थो काचेचं सांगून राह्यला. मी पापणीचं सांगून राह्यली."

"पापणी म्हणजे मोजमाप नव्हे, आजी."

"बरं बाप्पा," असे म्हणून त्यांनी अंडे ठेवले आणि परत मटार सोलू लागल्या.

एकविसाव्या दिवशी काही झाले नाही. बाविसाव्या दिवशीही नाही. मुले खिडकीपाशी नाक लावून बसली आणि एकेक करून उठून गेली. चोविसाव्या दिवशी मी यंत्र बंद केले आणि कपडे धुण्याच्या खोलीत, जिथे नको असलेल्या वस्तू लोक ठेवून देतात, तिथे ठेवून आले. वर कागद चिकटवला: 'हवे असल्यास न्यावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या जमिनीतून पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. अमेरिकेतल्या अशा घरांत गरम हवा खेळवण्यासाठी जमिनीत जाळीचे झरोके असतात आणि त्यांतून खालच्या घरातला आवाज वर येतो. माझे यंत्र आजींकडे चालू झाले होते.

तापमापकाचे काय झाले, हेही सांगायला हवे. मी तो काढून घेतला होता. एका दुपारी घरातल्या तापाच्या थर्मामीटरशेजारी तो कोमट पाण्यात धरला. तो जवळजवळ तीन अंश जास्त दाखवत होता. माझी अंडी पहिल्या दिवसापासून थंडीत होती. उपकरण वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे, हे वाक्य मी अकरा वर्षे नववीच्या वहीत पहिल्या पानावर लिहवून घेत असे. मी तापमापक कचऱ्यात टाकला. आजींना काही सांगितले नाही. त्यांना सांगण्याची गरजही नव्हती. त्यांनी तर मला पाचव्याच दिवशी सांगितले होते.

आजींची रीत अशी. दर शनिवारी त्या कॅम्पसच्या बसने शेतकऱ्यांच्या बाजाराला जात. तिथे साधे गडद कपडे आणि डोक्याला पांढरी टोपी घालणारी तीच शेतकरी बाई अंडी विकायला बसे. ती घरी जुनी जर्मन बोली बोलत असे. आजी वऱ्हाडी बोलत. इंग्रजी दोघींच्याही फारशी कामाची नव्हती. तरी कोणती कोंबडी रुसली आहे, कोणता कोंबडा म्हातारा झाला आहे, याच्या त्या तासभर गप्पा मारत. करार ठरलेला होता: बाईने फलित अंडी द्यायची, पिल्ले आठ दिवसांची झाली की आजींनी ती शेतावर परत करायची. अपार्टमेंटच्या नियमानुसार पाळीव प्राणी ठेवायला बंदी होती. व्यवस्थापक विचारायला आला, तेव्हा आजींनी त्याला आत नेऊन अंडी दाखवली आणि मुलाकडून इंग्रजीत सांगवले, "हे पाळीव नाहीत. हे पाहुणे आहेत." तो हसला आणि गेला. मी एकदा भाड्याच्या करारातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला होता, तेव्हा तो हसला नव्हता.

बसमध्ये त्या अंडी ओटीत बांधून पोटाशी धरत आणि शेजारी बसणाऱ्याला म्हणत, "हळू बाप्पा, हळू." महिन्याभरात बसचालकही वळणावर वेग कमी करताना "हळू बाप्पा" म्हणू लागला. घरी आणल्यावर अंडी एक दिवस टोक खाली करून नुसती ठेवत. "प्रवासाचा शीण जाऊ दे त्यायचा." मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक पाहिले. प्रवासानंतर अंडी काही तास स्थिर ठेवावीत, असे त्यात होते. मग त्या अंड्याच्या एका बाजूला कुंकवाचा ठिपका लावत आणि दुसऱ्या बाजूला काजळाचा. मी म्हटले, "आजी, कवच सच्छिद्र असते. रंग आत जाऊ शकतो. पेन्सिलीने खूण करावी." त्या म्हणाल्या, "पेन्सिलीनं कोनी ओवाळते का?" दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायची. सकाळी कुंकू वर, दुपारी काजळ वर, सांजवेळी पुन्हा कुंकू. उद्या मग काजळापासून सुरुवात. म्हणजे रात्रभर रोज तीच बाजू वर राहत नाही. पुस्तकात हेही होते: फिरवण्याची संख्या विषम असावी. प्रत्येक वेळी मी त्यांची चूक शोधायला ग्रंथालयात जाई आणि त्यांचे समर्थन घेऊन परत येई. माझ्या पोटदुखीला इतका सोयीचा पुरावा कुणीच पुरवला नसेल.

त्या पहिल्या खेपेला त्यांच्या बारापैकी नऊ अंड्यांतून पिल्ले निघाली.

पुढच्या रविवारी माझ्या वर्गात दोन मुले होती. बाकीची खाली गेली होती. दुसऱ्या रविवारी मी तक्ते गुंडाळून स्वतःच खाली गेले आणि त्यांच्या दाराशी, चपला काढायच्या जागी, खुर्ची टाकून बसले. वर्ग माझा होता, असे मला अजून वाटत होते.

आजींचे शास्त्र असे होते की कोंबडी अंड्यातल्या पिल्लाशी बोलते. खुडूक विजेची असल्यामुळे ती बोलत नाही. म्हणून आपण बोलायचे.

"आपण नाही बोललो, तं ह्यायले कसं कळन का बाहेर कोनी आहे?"

"कॅन दे हिअर इंग्लिश?" माझ्या मुलीने विचारले.

आजींनी माझ्याकडे पाहिले. मी अर्थ सांगितला.

"इंग्रजी? नाही बाप्पा. अंड्यातच आहेत अजून. शाळेत कोठी गेले?"

मुलीने माझ्याकडे पाहिले, मग पेटीकडे. त्या दिवसापासून ती शाळेच्या बसमधून उतरली की वर येण्याऐवजी आधी खाली जाऊ लागली.

आता अग्निशमनाचा प्रसंग. फेब्रुवारीतला शनिवार होता, दुपार होती, बाहेर गुडघाभर बर्फ होता. आमटीसाठी तापवलेले तेल मी काही सेकंद जास्त ठेवले. फोडणीचा धूर छताकडे गेला आणि सगळ्या इमारतीची धोक्याची घंटा वाजू लागली. नियमाप्रमाणे सगळ्यांनी बाहेर पडायचे. विद्यार्थी गाद्यांसारखे कोट घालून उभे राहिले. आजी सर्वांत शेवटी आल्या. ओव्हरकोटाच्या आत लुगड्याच्या ओटीत बाराही अंडी पोटाशी बांधलेली, दोन्ही हात त्यांच्यावर. तो अकरावा दिवस होता. अग्निशमन दलाचा एक उंच जवान त्यांना गर्भवती समजला की आजारी, मला ठाऊक नाही. त्याने त्यांना आदराने हात धरून लाल गाडीत आपल्या जागेवर बसवले आणि हीटर लावला. आजी उंचावर बसल्या, बूट लोंबकळत. माझी मुलगी पायरीवर चढली, आजींच्या पोटाला कान लावला आणि मग तोंड.

"घाबरू नका," ती म्हणाली. "आग नाही आहे. आईची फोडणी आहे."

सगळे मराठी विद्यार्थी हसले. मी बर्फात उभी होते. नऊ महिन्यांनी माझी मुलगी मराठी वाक्य बोलली होती, आणि ते दुसऱ्या बाईच्या पोटाशी बोलली होती.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या फोनवर तिने हाय म्हटले नाही. "आजी, मले पिल्लू पायजे," ती म्हणाली. माझी आई इतकी हसली की तिला बोलता येईना. मग फोन माझ्याकडे आला. "अगं, बोलायला लागली की! पण हे कुणाचं मराठी?"

मी म्हटले, "लाइन नीट नाही." आणि विषय बदलला.

त्यानंतर मी स्वयंपाकघरातल्या झरोक्याजवळ बसून पोळ्या लाटू लागले. खालून माझ्या मुलीचा आवाज येई. आज शाळेत काय झाले, कुणी तिच्या डब्याला नावे ठेवली, बाबा घरी उशिरा का येतात, आई हसत का नाही. हे सगळे ती अंड्यांना सांगत होती, मराठीत, आणि मला ते जमिनीतून कळत होते.

एप्रिलच्या खेपेला आजींनी सहा मुलांना एकेक अंडे नेमून दिले. मुलीने आपल्या अंड्याचे नाव रविवार ठेवले, कारण मराठीतला तिला खात्रीने येणारा एवढा एकच वार होता. रविवारला तिने एकवीस दिवस काय काय सांगितले याची मी वहीत नोंद ठेवली असती, तर ती माझ्या तापमानाच्या वहीपेक्षा जाड झाली असती.

विसाव्या दिवशी सकाळी आजींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. मोतीबिंदू पिकला होता. मुलगा रजा काढून त्यांना घेऊन जाणार होता. निघताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हाती दिली.

"चार अंड्यायले चोच लागली आहे. तू फक्त बसून राह्य. झाकण नको उघडजो. आतली वाफ गेली का पापुद्रा सुकते, अन् पिल्लू त्यात चिकटते."

"मला माहीत आहे, आजी." मला खरेच माहीत होते. पुस्तकात वाचले होते. पहिली चोच मारल्यापासून बाहेर येईपर्यंत पिल्लाला एक अख्खा दिवसही लागू शकतो, आणि तो वेळ ते उगाच घेत नाही. रक्तवाहिन्यांतले रक्त आणि उरलेला बलक ते शरीरात ओढून घेत असते. हे मला परीक्षेत विचारले असते, तर मी पूर्ण गुण मिळवले असते.

रविवारच्या कवचाला सकाळी सातलाच छिद्र पडले होते. दहा वाजले. बाकीची तीन पिल्ले पुढे सरकली होती. रविवार तसाच होता. बारा वाजले. छिद्रातून चोच हले आणि थांबे. एक वाजला. मुलगी साडेतीनला बसमधून उतरणार होती. मी हातात हात धरून बसले होते आणि मनात एक चित्र तयार होत होते. ती धावत येते, दार उघडते, आणि मी तिच्यासमोर तळहात धरते. तळहातावर रविवार. कोरडा, पिवळा, उभा. "आईने बाहेर काढला," असे ती पुण्याला फोनवर सांगते.

मी ते चित्र बराच वेळ पाहिले. मग झाकण उघडले.

कवच मी हळूच सोलले. नखाने, लहान तुकड्यांत, प्रयोगशाळेत शिकवल्यासारखे. तिसऱ्या तुकड्याला रक्त आले. मी थांबायला हवे होते. त्या अर्धवट अवस्थेत थांबवेना, म्हणून आणखी सोलले. रविवार बाहेर आला. त्याच्या पोटाशी बलकाची पिशवी अजून बाहेरच होती. मी त्याला पुन्हा उबेत ठेवले आणि झाकण लावले. मुलगी आली तेव्हा तो खिडकीखाली पडून होता आणि एक पाय हलवत होता. तिने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. चारनंतर पाय हलला नाही. ती बोलत राहिली.

आजी पाच वाजता आल्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी पेटीत पाहिले आणि कवचाचे तुकडे उचलले. पिल्लू स्वतः बाहेर येते तेव्हा कवच टोपीसारखे गोल कापले जाते. हे तुकडे तसे नव्हते. मी भिंतीशी उभी होते. आजींनी ते तुकडे मुठीत बंद केले.

"पोरी," त्या माझ्या मुलीला म्हणाल्या, "माह्याच हातून झालं. सकाळी जाताना मीच झाकण उघडलं. वाफ गेली."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. "यू सेड नॉट टू ओपन इट."

"हो. म्हातारी झाली मी."

"आय हेट यू," ती म्हणाली आणि माझ्या कमरेला मिठी मारून रडू लागली.

मी काही बोलले नाही.

पुढचे चार दिवस माझी मुलगी फक्त माझी होती. शाळेतून ती थेट वर येई. मी तिची वेणी घातली, शिरा केला, तिच्या शेजारी बसून गृहपाठ घेतला. जे मला दोन महिने हवे होते, ते सगळे मिळाले. ती माझ्या मांडीवर डोके ठेवून इंग्रजीत बोलत होती. "दूध घेतलंस?" "आय डिड." खालून पंख्याची घरघर येत नव्हती. उरलेली पिल्ले निघाल्यावर आजींनी खुडूक बंद केली होती.

पाचव्या दिवशी कपडे धुण्याच्या खोलीत आम्ही समोरासमोर आलो.

"पोट्टी कशी आहे?"

"बरी आहे." मी कपडे घडी करत होते. मग विचारले, "आजी, तुम्ही असं का सांगितलंत?"

त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. आठवीतल्या मुलीला सोपे गणित आले नाही म्हणजे मी तिच्याकडे पाहत असे, तसे.

"माय एकच रायते, बाप्पा. आज्या काय, बहुत भेटतात. तिनं तुह्यावर राग धरला असता, तं कोठी गेली असती?"

मी वर आले. मुलगी चित्र रंगवत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सरळ सांगितले. झाकण मी उघडले. रविवारचे कवच मी सोलले. मला वाटले होते तू मला हुशार म्हणशील. आजींनी काही केले नाही.

तिने खडू ठेवला. "यू लाइड?"

"खोटं बोलले नाही. गप्प बसले."

"तेच आहे ते, आई," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. मग उठली आणि मोजे घातलेल्या पायांनीच जिना उतरून गेली. दार उघडेच राहिले.

मी झरोक्याजवळ बसले. आधी फक्त रडणे ऐकू आले. मग माझ्या मुलीचा आवाज, नाक ओढत, स्पष्ट: "तू काहून खोटं बोलली? आईनं केलं होतं."

"हो. मले ठावं आहे."

"ती वाईट आहे."

"वाईट नाही. हुशार आहे तुही माय, लय हुशार. पन तिले वाट पाहता येत नाही. आपण दोघी तिले शिकवू. शिकन ते."

खाली बटणाचा आवाज झाला आणि पंखा सुरू झाला. आत अंडी नव्हती. बहुधा नुसती ऊब यावी म्हणून लावला असेल. मी तिथेच बसून ती घरघर ऐकत राहिले. त्या दोघी माझ्याविषयी बोलत होत्या, आणि माझ्या मुलीच्या तोंडी इतकी वाक्ये मी कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर मला शिकवले गेले. मे महिन्याच्या खेपेला विसाव्या दिवशी आजींनी मला खुर्चीवर बसवले, मुलीने माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले, आणि साडेनऊ तास मी काहीही केले नाही. अकरा पिल्ले निघाली. मी एकाही पिल्लाला हात लावला नाही. माझ्या आयुष्यात मी दिलेली ही सर्वांत अवघड परीक्षा, आणि ती मी कशीबशी उत्तीर्ण झाले.

त्या उन्हाळ्यात आजींच्या मुलाला अ‍ॅशबर्न नावाच्या दूरच्या गावी काम मिळाले. निघताना आजी गाडीच्या पुढच्या आसनावर बसल्या, मांडीवर थर्मोकोलची पेटी, पट्टा पेटीवरून घेतलेला. मुलीने काच खाली करायला लावून आत डोके घातले आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितले. काय सांगितले, हे मला झरोक्यातून कळण्याची सोय तिथे नव्हती. मी विचारले नाही.

मुलगी आता मोठी झाली आहे. तिचे मराठी अस्खलित आहे; थकली की त्यात अजून 'मले' आणि 'काहून' येतात. पुण्यात नातेवाइकांकडे गेलो की कुणी ना कुणी विचारतेच, "हे कुणाचं मराठी? अमेरिकेत कुणी शिकवलं हिला?" मग सगळे माझ्याकडे पाहतात. मी मराठी माणसांत वाढलेली, अकरा वर्षे शिक्षिका. उत्तर त्यांनी मनात आधीच लिहून ठेवलेले असते, आणि मी फक्त मान हलवली तरी पुरेल.

"आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी होत्या," मी सांगते. "त्यांनी."

आणि दर वेळी, हे सांगताना, माझ्या पोटात दुखते.